हार्वेस्टर चढवताना ट्रॅक्टर मागून उचलतो, रस्त्याला ट्रॉली डुलते: ट्रॉली निवडण्यात नेमकं काय चुकतं

ऑक्टोबरात कराड, वाळवा, पलूस भागात सोयाबीन काढणीला येतं आणि त्याच्या मागोमाग पाटण, जावळी, शिराळ्यात भात. पट्ट्याचा हार्वेस्टर, म्हणजे रबरी चेनवर चालणारा, या दिवसांत एका गावातून दुसऱ्या गावात सतत हलत असतो. डांबरी रस्त्यावर तो स्वतःच्या पट्ट्यांवर चालवला तर पट्टे झिजतात आणि आतले रोलर तापतात, म्हणून तो ट्रॉलीवरच न्यावा लागतो. आणि दारात उभी असते ती उसाची ट्रॉली.

मग दर हंगामात त्याच तक्रारी कानावर येतात. मशीन चढताना ट्रॅक्टरची मागची चाकं उचलली. मोकळ्या रस्त्याला जरा वेग घेतला की ट्रॉली शेपूट हलवायला लागते. दहा-पंधरा किलोमीटरवर हब तापला, टायर फुटला. उताराला ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकललं. प्रत्येक वेळी त्या-त्या भागाची दुरुस्ती होते आणि पुढच्या फेरीला तेच पुन्हा होतं. कारण दुखणं त्या भागात नसतं. ट्रॉली टनावर निवडलेली असते. "दहा टन ऊस ओढते, तिला तीन टनाचं मशीन काय जड?" हा हिशोबच चुकीचा आहे. ऊस पूर्ण हौद्यावर पसरतो. हार्वेस्टर दोन अरुंद पट्ट्यांवर उभा राहतो, त्याचं इंजिन आणि धान्याची टाकी उंचावर असते, आणि तो स्वतःच्या पायांनी चढतो-उतरतो. म्हणून किती वजन आहे यापेक्षा ते कुठे पडतंय हे बघून ट्रॉली निवडायची.

खालचे आकडे तीन टनाचा पट्ट्याचा हार्वेस्टर आणि दीड टनाची दोनचाकी ट्रॉली धरून दिले आहेत. तुमच्या मशीनचं खरं वजन कंपनीच्या पुस्तकात किंवा काट्यावर बघा आणि त्या जागी ते घाला.

चढवताना ट्रॅक्टर मागून उचलतो

सगळ्यात धोक्याची तक्रार हीच, म्हणून आधी ती. ट्रॉलीच्या दांडीच्या रिंगेपासून चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंत चार मीटर अंतर आहे आणि अ‍ॅक्सलच्या मागे हौदा १.८ मीटर बाहेर आहे असं धरा. मशीन रॅम्पवरून वर येऊन हौद्याच्या मागच्या काठावर डुलतं, त्या क्षणी त्याचे तीनही टन त्या काठावर असतात. ३,००० गुणिले १.८ भागिले ४, म्हणजे १,३५० किलोचा जोर रिंगेला वर ढकलतो. रिकाम्या ट्रॉलीचं दांडीवर दीडेकशे किलो वजन असतं, ते वजा केलं तरी १,२०० किलो उरतात.

आता ट्रॅक्टर बघा. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन ते सव्वादोन टनांचा. त्यातलं मागच्या चाकांवर जेमतेम १,२०० ते १,३०० किलो येतं. हूक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्यामुळे वर ढकलण्याचा परिणाम आणखी वाढतो. म्हणजे मागची चाकं जवळजवळ अधांतरी होतात. आणि ट्रॅक्टरचा हॅन्डब्रेक फक्त मागच्याच चाकांवर चालतो! ब्रेक ओढलेला असूनही अख्खी गाडी पुढे सरकते, रॅम्पचं तोंड हौद्यावरून निसटतं आणि मशीन अर्ध्यावर असतं. "ब्रेक लावला होता तरी सरकला" असं जे ऐकू येतं त्यामागे हे गणित आहे.

उपाय मोठा नाही. हौद्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू हवेत. खाली सोडून पिन घालायचे लोखंडी पाय किंवा स्क्रू-जॅक कोणत्याही वर्कशॉपमध्ये बसवून मिळतात. प्रत्येक पाय किमान मशीनच्या पूर्ण वजनाला टिकेल असा घ्या, कारण मशीन वाकडं चढलं तर एकाच पायावर जवळपास सगळा भार येतो. शेतात जमीन मऊ असते, तेव्हा पायाखाली एक-दीड फुटाची जाड लाकडी फळी टाका, नाहीतर पाय रुततो आणि काही उपयोग होत नाही. ट्रॅक्टरच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा, ट्रॉलीच्या चाकांनाही. टेकू लावल्यावर ट्रॅक्टर सोडवून मशीन चढवायचा मोह होतो. तसं करू नका. टेकू खचला तर दांडी वर फेकली जाते.

नवी ट्रॉली बनवत असाल तर अ‍ॅक्सलच्या मागचा भाग एक मीटरच्या आसपास ठेवा. तेवढ्यानेच वरचा जोर १,३५० वरून ७५० किलोवर येतो.

रॅम्प

जपानी पद्धतीच्या पट्ट्याच्या हार्वेस्टरसाठी साधा नियम आहे: रॅम्पची लांबी हौद्याच्या उंचीच्या किमान चौपट. म्हणजे चढ १४ अंशांच्या आसपास राहतो. उसाच्या ट्रॉलीचा हौदा १.२ मीटर उंच असेल तर रॅम्प ४.८ मीटरचे लागतील. प्रत्यक्षात आठ फुटांच्या, म्हणजे २.४ मीटरच्या फळ्या लावलेल्या दिसतात. तो चढ ३० अंशांचा झाला. तिथे मशीनचा तोल मागे जातो, आणि काठावर आल्यावर ते धपकन पुढे आपटतं. त्याच आपटण्याने हौद्याचे क्रॉस चॅनेल वाकतात आणि पट्ट्यांचे आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी टोकाची चाकं, मोडतात.

रॅम्पची ताकद अंदाजाने ठरवू नका. दोन रॅम्प असले तरी प्रत्येकावर निम्मं, दीड टन येतं. ३.६ मीटर लांबीच्या रॅम्पला मधोमध तेवढं वजन आलं तर १०० मिमीचे दोन चॅनेल कमी पडतात. १२५ मिमीचे दोन चॅनेल आणि वर चेकर्ड प्लेट हवी. असा एक रॅम्प शंभर किलोच्या पुढे जातो, एकट्याने उचलत नाही. म्हणून तो हौद्याला बिजागरीने जोडून स्प्रिंग लावून घ्या. बिजागरीचा आणखी फायदा म्हणजे रॅम्प निसटत नाही. सुट्टे रॅम्प वापरायचेच असतील तर वरच्या टोकाला आकडा आणि हौद्याला त्याची खाच हवी, आणि वर साखळीने बांधा. रॅम्पची रुंदी पट्ट्याच्या दीडपट धरा.

चिखलाचा पट्टा आणि ओली चेकर्ड प्लेट हे जोड वाईट. चढवण्याआधी पट्ट्यांतला चिखल खोऱ्याने काढा, रॅम्पवर आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या. चढताना-उतरताना कंपनीच्या पुस्तकात जी दिशा सांगितली आहे तीच पाळा, सगळ्यात हळू गियर टाका, रॅम्पवर स्टेअरिंग फिरवू नका. वाकडं गेलं तर खाली उतरवा आणि सरळ लावून पुन्हा चढवा. कटर बार, म्हणजे पीक कापणारा पुढचा भाग, इतकाच उचला की रॅम्पला लागणार नाही. जास्त उचलला की तोल आणखी वर जातो. मागे-पुढे, बाजूला माणूस उभा करायचा नाही. दिशा दाखवणारा लांब, ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहू दे.

वेग घेतला की ट्रॉली डुलते

वीस-पंचवीसच्या पुढे गेलं की ट्रॉलीचं मागचं टोक डावी-उजवीकडे मारायला लागतं, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग हलकं वाटतं. बहुतेक जण टायरची हवा बघतात, हूक बघतात. ते बघायलाच हवं, पण मुख्य कारण दांडीवर वजन कमी पडणं हे असतं. दोनचाकी ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन दांडीवर हवं. आपल्या उदाहरणात एकूण साडेचार टन, म्हणजे ४५० ते ६७५ किलो.

मशीन किती पुढे-मागे उभं आहे यावर हे ठरतं. मशीनचा तोलाचा मध्य अ‍ॅक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे असेल तर ३,००० गुणिले ०.६ भागिले ४, म्हणजे मशीनचे ४५० किलो दांडीवर येतात. तोच मध्य अ‍ॅक्सलच्या २० सेंटिमीटर मागे गेला तर दांडी १५० किलोने वर उचलली जाते. दहा सेंटिमीटर सरकवलं की ७५ किलोचा फरक. म्हणजे वीतभर इकडे-तिकडे झालं की तीच ट्रॉली शांत चालते किंवा डुलते. एका ड्रायव्हरला त्रास होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

तोलाचा मध्य डोळ्याने ओळखता येत नाही, कारण टाकी, इंजिन आणि कटर बार तिन्ही वेगवेगळ्या जागी असतात. तो काट्यावर काढा. आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे गावोगाव वजनकाटे आहेत, त्याचा फायदा घ्या. आधी एकट्या ट्रॅक्टरचं वजन करा, ड्रायव्हर वर बसलेला. मग मशीन चढवलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चारही चाकं काट्यावर घ्या, ट्रॉलीची चाकं बाहेर सपाट जमिनीवर. दोन्हींतला फरक म्हणजे दांडीवरचं वजन. शेवटी गाडी पुढे घेऊन फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर. हे अ‍ॅक्सलवरचं वजन. दांडीचा आकडा कमी आला तर मशीन पुढे घ्या, जास्त आला तर मागे, आणि परत वजन करा. बरोबर जागा मिळाली की हौद्यावर पट्ट्याच्या पुढच्या टोकाशी रंगाची जाड रेघ ओढा आणि तिथेच लोखंडी पट्टीचा अडसर वेल्ड करा. मग रात्री, घाईत, कोणीही चढवलं तरी मशीन त्याच जागी उभं राहतं. धान्याची टाकी मात्र रिकामी हवी. दोन-तीनशे किलो सोयाबीन आत राहिलं तर हा सगळा हिशोब बदलतो.

दांडीवर पंधरा टक्क्यांच्या पुढेही जाऊ नका. ट्रॅक्टरच्या पुस्तकात हुकावरच्या उभ्या वजनाची मर्यादा दिलेली असते. ती ओलांडली की पुढची चाकं हलकी होतात आणि चढाला स्टेअरिंग ऐकत नाही.

दांडी बरोबर असूनही डुलत असेल तर पुढच्या गोष्टी तपासा. हुकाची पिन आणि रिंग झिजून खुळखुळते का, पाट्याचे (चाकावरच्या पट्टीच्या स्प्रिंगचे) यू-बोल्ट सैल आहेत का, पाट्याचं टोक धरणाऱ्या शॅकलच्या बुशा झिजून पाटा आडवा हलतो का, दोन्ही टायरची हवा सारखी आहे का. रिंगेवर वेल्डिंगशेजारी केसाएवढी रेघ आणि तिच्यात गंजाचा तांबूस रंग दिसला तर ती तडा गेलेली आहे. तिच्यावर पुन्हा वेल्डिंग चढवू नका, रिंग बदला. पिनीला लिंच पिन आणि शिवाय दांडीखालून फुलीसारख्या दोन सुरक्षा साखळ्या हव्यात. ट्रॉली हुकालाच जोडा. थ्री-पॉइंटच्या लिफ्टच्या आडव्या बारला किंवा त्याहून वर जोडली तर चढाला ट्रॅक्टर पुढून उठतो.

रस्त्यात डुलायला लागली तर जोरात ब्रेक दाबू नका, स्टेअरिंगने सावरायला जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. ट्रॉलीला वेगळा ब्रेक असेल तर फक्त तो लावा.

हब तापतो, टायर फुटतो

अ‍ॅक्सलवर आपल्या उदाहरणात चार टन येतात. दोनच टायर असतील तर प्रत्येकी दोन टन. ७.५०-१६ च्या टायरच्या बाजूवर कोरलेला लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन झेलतो याचा ठरलेला क्रमांक, वाचा: १२१ म्हणजे १,४५० किलो. दोन टनासाठी १३२ लागतो. म्हणजे दोन ७.५०-१६ वर हे मशीन न्यायचंच नाही, हवा कितीही भरली तरी. दोन अ‍ॅक्सल घातले तर प्रत्येक टायरवर हजार किलो येतात आणि तोच टायर आरामात चालतो. रिट्रेड टायर हार्वेस्टरच्या ट्रॉलीला नको. उसाला चालून गेला म्हणजे उंच भाराला चालेल असं नाही, वळणावर बाहेरच्या टायरवर येणारं वजन इथे खूप वाढतं.

पण दोन अ‍ॅक्सल म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. आपल्याकडे बऱ्याच ट्रॉल्यांना दोन्ही अ‍ॅक्सलचे पाटे चेसिसला वेगवेगळे बसवलेले असतात, मध्ये दोन्हींवर वजन वाटणारा झुलता दुवा, म्हणजे रॉकर, नसतो. मग गतिरोधकावर किंवा कालव्याच्या भरावावर चढताना एका अ‍ॅक्सलवर जवळपास सगळं वजन येतं आणि दुसरा अधांतरी लटकतो. टायर नेहमी एकाच अ‍ॅक्सलचे फुटत असतील तर हेच कारण आहे. दोन्ही पाट्यांच्या मध्ये झुलणारा रॉकर बसवून घ्या, आणि ट्रॉली जोडल्यावर हौदा पुढे-मागे समपातळीत आहे का ते पाणलेव्हल ठेवून बघा. दांडी वर असेल तर मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त वजन येतं, खाली असेल तर पुढच्यावर.

हबसाठी पहिल्या दहा किलोमीटरवर थांबा आणि उलटा हात प्रत्येक हबजवळ न्या. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर एकतर बेअरिंग आवळलेलं आहे, कोरडं आहे, किंवा ब्रेकचा लायनर घासतोय. सगळे हब सारखे गरम असतील तर बहुधा वजन किंवा वेग जास्त; एकच गरम असेल तर तो हब खोला. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, बेअरिंगच्या रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे असतील तर आतली-बाहेरची दोन्ही बेअरिंगं बदला, ऑइल सील नवीन घाला. चाक हाताने फिरवत कॅसल नट आवळा, फिरायला जड लागलं की पाव फेरा सैल सोडा, नवीन स्प्लिट पिन घाला. मग चाक वर-खाली हलवून बघा, खुळखुळ जाणवता कामा नये.

उताराला ट्रॉली ढकलते

यात तडजोड नाही. साडेचार टनाच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती दोन टनाच्या ट्रॅक्टरमागे पसरणी घाटात किंवा कुंभार्ली उतरून चिपळूणकडे नेऊ नका. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचं भरलेलं वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या वर जाऊ नये, तेही सपाटीच्या रस्त्याला, असं आमचं ठाम मत आहे. ट्रॅक्टर कितीही ओढू शकतो, पण त्याचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठीच असतात.

ट्रॉलीला इनर्शिया ब्रेक बसवता येतो. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे ढकलते, दांडीतला सरकता भाग मागे जातो आणि चाकांचे ड्रम ब्रेक लागतात. त्याची एक अडचण लक्षात ठेवा: रिव्हर्स घेताना तो लागतो, म्हणून रिव्हर्सची अडकवण हवी. आणि ती पुढे निघताना काढायची विसरली तर ब्रेक लागतच नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर किंवा हवेवर चालणारे ब्रेक जास्त चांगले, ड्रायव्हरच्या हातात राहतात. काहीही बसवलं तरी ट्रॉलीला वेगळा पार्किंग ब्रेक पाहिजे.

घाटाच्या माथ्यावर थांबून ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडलं जोडणारी पट्टी लावलेली आहे ना ते बघा. शेतात वळण्यासाठी ती काढलेली असते आणि रस्त्याला तशीच राहते. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि ट्रॉली दुमडते. ज्या गियरमध्ये हा चढ चढवाल त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही, उतारावर मध्येच गियर बदलणंही नाही.

मशीन हौद्यावर सरकतं

नायलॉनचा दोर ताणतो, म्हणून त्याने बांधलेलं मशीन दहा किलोमीटरवर सैल होतं. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, प्रत्येकीला आवळायला लोड बाइंडर किंवा टर्नबकल. ८ मिमीची ग्रेड ८० ची साखळी दोन टन उचलण्याच्या भाराला चालते. हार्डवेअरच्या दुकानातली साधी काळी साखळी तेवढी नसते, तिच्यावर शिक्का नसेल तर घेऊ नका. साखळ्या पुढे आणि मागे तिरक्या ओढा, जमिनीशी ३० ते ४५ अंशांत. अचानक ब्रेक लागला तर मशीन स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्के इतक्या जोराने पुढे जायला बघतं, वळणावर पन्नास टक्के जोराने बाहेर, म्हणून पुढच्या अडसरावर आणि मागून धरणाऱ्या साखळ्यांवर कंजुषी नको.

साखळी चेसिसवरच्या बांधायच्या कड्यांनाच अडकवा. कटर बार, धान्य सोडायची नळी, पट्टा किंवा रोलर यांना अडकवलेली साखळी ते भाग वाकवते. कटर बार खाली लाकडी ओंडक्यावर टेकवा, हायड्रॉलिकवर लटकत ठेवू नका. इंजिन बंद, पार्किंग ब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. पट्ट्यांखाली बाभळीच्या फळ्या आडव्या ठोकल्या तर रबर लोखंडावर घसरत नाही. प्लेटचा नुसता गुळगुळीत हौदा या कामाला चांगला नसतो. दहा किलोमीटरवर हब बघायला थांबालच, तेव्हाच साखळ्या पुन्हा आवळा.

तारा आणि कमानी

जमिनीपासून मशीनच्या सगळ्यात उंच टोकापर्यंत टेप लावा, चढवल्यानंतर. २.८ मीटरचं मशीन १.२ मीटरच्या उसाच्या ट्रॉलीवर ठेवलं तर बरोबर चार मीटर होतात. नियमाप्रमाणे ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारा रस्ता ओलांडताना ५.८ ते ६.१ मीटरवर हव्यात, पण रस्ता सोडून शेतातून जाताना ४.६ मीटरच पुरतात, आणि उन्हात तारा सैल पडून आणखी खाली येतात. पाणंदीतून, मोटारीच्या लाइनखालून जाताना फारच कमी जागा राहते. काठीने तार उचलून वाट काढण्याची सवय जीव घेते. तार खाली असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या किंवा रस्ता बदला. रेल्वे फाटकाच्या कमानीवर लिहिलेला आकडा आणि तुमचा टेपचा आकडा निघण्यापूर्वी जुळवा.

वर्कशॉपला काय सांगायचं

विटा, कराड, सांगली भागात ट्रॉल्या बनवणारी वर्कशॉप आहेत, पण सांगितल्याशिवाय ती उसाचीच ट्रॉली बनवतात. हार्वेस्टरसाठी हौदा चाकांच्या वर नको, चाकांच्या मधोमध हवा. मशीनची पट्ट्यांची बाहेरून बाहेर रुंदी १.७ मीटर असेल तर हौदा १.८ मीटर, दोन्ही बाजूंना ७.५०-१६ चे टायर प्रत्येकी २२ सेंटिमीटर, आणि टायरच्या दोन्ही अंगांना पाच-पाच सेंटिमीटर मोकळे. एकूण २.४४ मीटर होतात. वाहनाच्या रुंदीची कायद्याची मर्यादा २.६ मीटर आहे, तिच्या आत बसलं. अशा ट्रॉलीचा हौदा ६५ सेंटिमीटरवर येतो. रॅम्प २.६ मीटरचा पुरतो, एकूण उंची साडेतीन मीटरच्या आत राहते, आणि वळणावर कलंडायची भीती बरीच कमी होते.

यापेक्षा खाली मात्र जाऊ नका. ट्रकची लो-बेड (जमिनीलगतच्या हौद्याची ट्रॉली) बघून ४५ सेंटिमीटरचा हौदा मागणारे असतात. टेंभू, ताकारीच्या कालव्याचे भराव आणि पाणंदीतले चढ ओलांडताना तो मधोमध टेकतो आणि मशीनसकट अडकून बसतो.

दांडी लांब हवी. कटर बार पुढे बाहेर येतो; पूर्ण वळवल्यावर त्याचा कोपरा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला लागता कामा नये. हे रिकाम्या पटांगणात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघूनच ट्रॉली ताब्यात घ्या. चारचाकी, टर्नटेबलची (पुढचा अ‍ॅक्सल चकतीवर फिरणारी) ट्रॉली पुढच्या अ‍ॅक्सलमुळे चढवताना कमी उचलते, हे खरं. पण टर्नटेबलमुळे तिचा हौदा उंच होतो आणि शेतातल्या अरुंद वाटेला ती रिव्हर्स घेणं फार अवघड जातं. या कामाला आम्ही ती सुचवत नाही.

मागे दोन दिवे, रिफ्लेक्टर, बाहेर आलेल्या भागाला लाल कापड आणि रात्री लाल दिवा. ट्रॉली हेही मोटार वाहन कायद्यात वाहनच आहे, तिची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो. भाड्याने काम करत असाल तर विम्यात तसं नमूद आहे का ते बघा.

चाकाचा मोठा हार्वेस्टर

आठ-दहा टनाच्या चाकांच्या मशीनला ट्रॅक्टरची ट्रॉली नाहीच. लांब जायचं तर ट्रकची लो-बेड, जवळ जायचं तर स्वतःच्या चाकांवर. दोन्ही वेळा १४ फुटी कटर बार काढून त्याच्या वेगळ्या ट्रॉलीवर लांबीच्या दिशेने ठेवायचा. ही ट्रॉली मशीनच्या मागे जोडली तर एक गोष्ट विसरू नका: या मोठ्या मशीनची, म्हणजे कंबाइनची, मागची चाकं वळतात, त्यामुळे डावीकडे वळताना मशीनचा मागचा भाग आधी उजवीकडे बाहेर जातो आणि कटर बारची ट्रॉली त्याच्यामागे समोरून येणाऱ्या गाडीच्या अंगावर झुकते. वळणापूर्वी आरशात बघून वेग पायी चालण्याइतका करा, आणि अरुंद पुलावर ट्रॉली सोडवून दुसऱ्या ट्रॅक्टरने न्या.